वडिलांच्या रंध्यावरची अक्षरं

प्रश्न : जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं आणि वडिलांची सुतारकामाची पेटी चिखलात गेली. वडील आता नाहीत. लोखंडी रंधा, तीन पटाश्या आणि छोटा शेगडा (वस्तू पकडायचा व्हाइस) तेव्हापासून गोणत्यात पडून आहेत, गंजून लाल झालेत. रंध्याच्या पात्यावर वडिलांनी पंचाने ठोकलेली आद्याक्षरं आहेत. वर्कशॉपवाला ग्राइंडर मारून देतो म्हणतो. पुतण्या म्हणतो, सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज निघतो. काय करू?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ग्राइंडर लावू देऊ नका. तो गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातो, अक्षरं पहिल्या फेरीतच जातील. पुतण्याचं बरोबर आहे. मी आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना शिकवायचो. माझ्या वडिलांचा शेगडा मी याच पद्धतीने सोडवला. दोन दिवसांनी ब्रश फिरवला आणि जबड्यावरच्या कानशीच्या जुन्या खुणा दिसू लागल्या, तेव्हा हात थांबला होता माझा.

प्लास्टिकची बादली घ्या. दहा लिटर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवा. मीठ अजिबात नको, त्यातून क्लोरीन निघतो. रंध्याची लाकडी मूठ आणि पटाश्यांचे दांडे आधी काढा. पितळ, अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा असलेलं काहीही पाण्यात जाऊ देऊ नका.

चार्जर जुन्या पद्धतीचा, १२ व्होल्टचा हवा. नवे चार्जर समोर बॅटरी दिसली नाही तर चालूच होत नाहीत. काळा चिमटा, म्हणजे ऋण, गंजलेल्या वस्तूला. लाल चिमटा बांधकामाच्या साध्या सळईच्या तुकड्याला, आणि हा चिमटा पाण्याच्या वर राहू द्या. तारा उलट लागल्या तर रंधाच झिजेल, म्हणून बटण दाबण्याआधी पुन्हा एकदा बघा. सळईऐवजी स्टेनलेस स्टीलचा चमचा कधीही लावू नका. त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. सळई आणि वस्तू एकमेकींना टेकता कामा नयेत.

थोड्याच वेळात वस्तूवर बारीक बुडबुडे येतील. तो हायड्रोजन. म्हणून बादली पडवीत ठेवा, जवळ विडी-काडी नको. पाण्यात हात घालायचा किंवा चिमटा हलवायचा तर आधी चार्जर बंद. सळईसमोरची बाजू आधी साफ होते, म्हणून वस्तू मधूनमधून फिरवा. रात्रभरात पाणी लाल-तपकिरी गढूळ होईल, सळई खडबडीत होईल. तसं व्हायलाच हवं.

बाहेर काढल्यावर वस्तूवर काळा थर दिसेल. नायलॉनच्या ब्रशने वाहत्या पाण्याखाली घासा. अक्षरांच्या खाचांसाठी जुना टूथब्रश वापरा, तारेचा नको. गंजाने जे लोखंड खाल्लं ते परत येत नाही, त्यामुळे पात्यावर खड्डे राहतील. पण पंच खोल बसला असेल तर अक्षरं वाचता येतील.

पुढची दहा मिनिटं महत्त्वाची. ओलं लोखंड डोळ्यांदेखत पुन्हा लालसर होतं, आणि तुमच्याकडच्या पावसाळी हवेत तर फारच लवकर. कढत पाण्यातून काढा, फडक्याने पुसा, गरम असतानाच मशीनचं तेल चोळा. पटाश्या कडक पोलादाच्या, त्यांत हायड्रोजन शिरून त्या काही काळ ठिसूळ होऊ शकतात. दोन दिवस तशाच ठेवा, लगेच हातोडा मारू नका. शेगड्याचा स्क्रू एवढं करूनही फिरला नाही तर आट्यावर रॉकेल सोडून एक रात्र जाऊ द्या, मग पुन्हा बादलीत.