झडप गळते आहे. छाती पुन्हा उघडावी लागेल का?

प्रश्न : माझ्या मुलीवर लहानपणी ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ या जन्मजात हृदयदोषाची शस्त्रक्रिया झाली. आता ती १७ वर्षांची असून, फुप्फुसाच्या धमनीची झडप गळत असल्याचे इको तपासणीत आढळले आहे. पुन्हा छाती उघडावी लागेल का? – एक पालक, औसा (जि. लातूर)

उत्तर : दर वेळी लागतेच असे नाही. पहिल्या शस्त्रक्रियेत फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद करताना पुष्कळदा झडपेचे मिटणे बिघडते आणि उलट येणाऱ्या रक्ताने हृदयाचा उजवा कप्पा वर्षानुवर्षे ताणला जातो. मूल मात्र हिंडते-फिरते असते, हीच यातली फसगत. डॉ. फिलिप बॉनहोफर यांनी २००० साली या जागी नवी झडप प्रथमच छाती न उघडता, कॅथेटरने म्हणजे बारीक नळीने, बसवल्याचे प्रसिद्ध केले. जांघेतील शिरेतून ही नळी हृदयापर्यंत नेतात. झडप बसवण्यापूर्वी त्या जागी फुगा फुगवून, शेजारची हृदयाला रक्त पुरवणारी धमनी दाबली जात नाही ना, हे पाहतात. ती दाबली जात असेल, किंवा जागा उपलब्ध झडपांच्या मानाने फार रुंद असेल, तर शस्त्रक्रियाच बरी. हा निर्णय निव्वळ इकोवर घेऊ नये. हृदयाचा एमआरआय करून घ्यावा, आणि छत्रपती संभाजीनगर वा पुण्याला जाताना पहिल्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे आठवणीने सोबत न्यावीत. नवी झडप बसल्यावर जंतुसंसर्गाचा धोका राहतोच, म्हणून किडलेल्या दातांचे उपचार आधीच उरकावेत.