पोदेराचा भोंगा आणि म्यूटचं बटण

"मॅडम, तक्रार करायचीही लाज वाटते. लोक वर्षभर पैसे साठवून जिथे चार दिवस जातात, तिथे मी राहतोय. आणि तरी मन लागत नाही. माझ्यातच काही बिघाड आहे का?"

समुपदेशक म्हणून २०२० नंतर हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की पहिले चार शब्द कानावर आले की पुढचं मनात आधीच उमटतं. कधी ते तारकर्लीहून येतं, कधी दापोलीजवळच्या मुरुडहून, सगळ्यात जास्त गोव्याहून. माणसं आपलीच, ठाण्या-डोंबिवलीची, पार्ल्या-बोरिवलीची. नोकरी लॅपटॉपवरची, पगार मुंबईचा, खिडकीत माड. आणि तोंड उघडलं की समोरचा म्हणणार, "तुझं काय बाबा, मज्जा आहे!" त्यामुळे बिचारे तोंड उघडतच नाहीत.

त्यातल्या एकाबद्दल लिहिते. त्याची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय बत्तीस, घर डोंबिवलीचं, काम सॉफ्टवेअर तपासण्याचं, ग्राहक न्यूयॉर्कचा. नोव्हेंबरात तो दक्षिण गोव्यात, काणकोण तालुक्यातल्या पाळोळ्याला घर भाड्याने घेऊन राहायला गेला. "मला अहो-जाहो नका करू," हे त्याने पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलं.

पहिल्या दोन भेटींत तो जणू गुन्ह्यांची यादी वाचत होता. झोपायला दोन, उठायला दहा. समुद्र चालत सहा मिनिटांवर, पण आठवड्यात जाणं जेमतेम दोनदा. काम साचलेलं. "लॅपटॉपसमोर बसलो की वाटतं, बाहेर एवढा समुद्र पसरलाय आणि मी इथे एक्सेल भरतोय. किनाऱ्यावर गेलो की वाटतं, आता कोणीतरी पिंग करणार आणि मी सापडणार."

'सापडणार' हा शब्द मी वहीत लिहून ठेवला. कंटाळलेला माणूस म्हणतो, काम राहून जाईल. सापडण्याची भीती वेगळ्याला असते.

"तू कुठे आहेस हे ऑफिसला ठाऊक आहे ना?" मी विचारलं.

"घरून काम करायची परवानगी आहे," तो म्हणाला. हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी तेव्हा ताणलं नाही.

तिसरी भेट जानेवारीतली, व्हिडिओवर, संध्याकाळी पाचची. तो बोलत होता आणि मागून कुठून तरी 'पोंऽ पोंऽ' असा आवाज आला. गोव्यात पाव घेऊन दारोदार फिरणारा पोदेर, सायकलच्या मागे टोपली, हँडलला रबरी भोंगा. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. आवाज आला आणि याचं बोट म्यूटवर गेलं. ओठ हलत राहिले, आवाज बंद. अर्ध्या मिनिटाने परत आला.

"सॉरी मॅडम, मागे जरा आवाज होता."

"कसला?"

"पाववाला."

"मग?"

"नाही, कॉलवर ऐकू गेला असता…"

"मला माहीत आहे तू गोव्यात आहेस. माझ्यापासून काय लपवलंस?"

तो हसला. मग हसू विरलं आणि बराच वेळ तो बोललाच नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हे निम्मं काम असतं, आणि ते शिकायला वर्षं लागतात.

मग एकेक बाहेर आलं. टीम लीडला त्याने सांगितलं होतं की तो आई-वडिलांकडे डोंबिवलीत आहे. म्हणून कॅमेऱ्यात मागची भिंत धूसर. कोंबडा आरवू नये म्हणून खिडकी बंद. रंग रापला तर विचारतील, म्हणून उन्हात जायचं नाही. इन्स्टाग्रामवर ऑफिसमधले सगळे ब्लॉक, उरलेल्यांसाठी फक्त समुद्र. "आईला वाटतं मी दिवसभर वाळूत लोळतोय. ऑफिसला वाटतं मी डोंबिवलीत आहे. खरं काय ते कोणालाच माहीत नाही."

तोवर आम्ही दोघंही शिस्तीबद्दल बोलत होतो, झोप, वेळापत्रक, मोबाइल. ते सगळं वरवरचं होतं हे त्या भोंग्याने दाखवलं. हा मुलगा आळशी नव्हता. दिवसभर पहारा देऊन दमला होता. ऑफिसपासून समुद्र लपवायचा आणि समुद्राच्या फोटोंमागे ऑफिस लपवायचं. एक माणूस दोन्हीकडून चोर झाला तर त्याला झोप कुठून लागणार? हा दुवा हाती आल्याचा आनंद मी लपवत नाही. त्यानंतर अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी पहिल्याच भेटीत विचारते, "तिथे राहतोस हे कोणाला सांगितलेलं नाहीस?" चांगल्या शिस्तीत राहणारेही या प्रश्नाशी येऊन अडखळतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीच्या वाटेने मी काम करते. घटना माणसाला जेवढं छळत नाही तेवढा घटनेवर चिकटवलेला हट्ट छळतो, हे तिचं सार. मराठीत तो हट्ट ओळखायची सोय आहे, 'च' हे एक अक्षर पुरतं. मी त्याला वाक्यं लिहून आणायला सांगितली. "एवढ्या सुंदर जागी मी आनंदी असलोच पाहिजे." "ऑफिसला कळलं तर सगळं संपलंच." "समुद्र समोर आहे तर रोज गेलंच पाहिजे." मग प्रत्येक 'च' खोडून ते वाक्य मोठ्याने वाचायचं. पहिलं वाचून तो म्हणाला, "म्हणजे मंगळवारी दुपारी मी इथेही कंटाळलो तरी चालेल?" डोंबिवलीत मंगळवारी दुपारी कंटाळा यायचा का, असं मी विचारलं. "यायचा की!"

मग गृहपाठ. पुढच्या मीटिंगमध्ये भोंगा वाजला तर म्यूट करायचं नाही. ज्याची लाज वाटते ते छोट्या प्रमाणात, मुद्दाम, चारचौघांत करून बघायचं. आठवडाभर त्याने टाळलं. मग केलं. न्यूयॉर्कवाल्याने विचारलं, हा हॉर्न कसला? याने सांगितलं, पाववाला. "घरपोच पाव?" एवढीच चर्चा झाली. दोन दिवसांनी त्याने टीम लीडला फोन करून पत्ता सांगून टाकला. उत्तर आलं, "एचआरला मेल टाक. आणि बुधवारच्या रिलीजला तुझी वीज जाणार नाही ना, तेवढं बघ."

इथून खरी मजा सुरू होते. खोटी काळजी गेली की खऱ्या काळज्यांना जागा मिळते, आणि बऱ्याच खऱ्या काळज्या बॅटरीने सुटतात. मी समुपदेशक आहे, इलेक्ट्रिशियन नाही, पण अशा माणसांच्या निम्म्या रात्री वीज आणि नेट यांच्या धास्तीत जातात, म्हणून हा हिशेब मी आता कागदावर करून देते. लॅपटॉप साधारण ६० वॉट, राउटर आणि फायबरची डबी मिळून २०, पंखा ७०. झाले १५०. बारा व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॉट-अवर देते. इन्व्हर्टरमध्ये जाणारी गळती आणि बॅटरी पूर्ण न उतरवण्याची सवय धरली तर हाती येतात बाराशे. म्हणजे आठ तास. बॅटरी जुनी असेल तर निम्मे. घर घेताना मालक "इन्व्हर्टर आहे" म्हणतो तेव्हा मेन स्विच पाडून बघा. बऱ्याचदा दिवे-पंखे चालतात आणि राउटरचा प्लग नेमका इन्व्हर्टरच्या लाइनवर नसतो.

दुसरी गोम अशी, की घरात वीज असूनही नेट जातं. कंपनीची रस्त्यावरची पेटी तिच्या स्वतःच्या बॅटरीवर असते, ती लांबलेल्या लोडशेडिंगमध्ये मान टाकते. शिवाय फायबरची तार खांबांवरून माडांमधून जाते, एक झावळी पडली की संपलं. म्हणून मोबाइलचं दुसरं कनेक्शन हवं, फायबरच्या कंपनीचं सोडून दुसऱ्या कंपनीचं. सिग्नल अंगणात तपासू नका, जिथे टेबल मांडणार त्या खोलीत तपासा, चिऱ्याच्या जाड भिंती सिग्नल खातात. आणि सीझनमध्ये रात्री आठला तपासा, सगळे पर्यटक व्हिडिओ टाकत असतात तेव्हा. डाउनलोडचा आकडा सगळे सांगतात, तुम्ही अपलोड विचारा. दोन एमबीपीएसच्या खाली असेल तर कॅमेरा चालू ठेवून मीटिंग करायचा नाद सोडा. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण एक जीबी जातो, त्या हिशेबाने प्लॅन घ्या. समुद्राकडच्या गॅलरीत लॅपटॉप घेऊन बसणं फोटोपुरतं ठीक, खारी हवा पंख्यातून आत ओढली जाते आणि पोर्ट गंजतात.

भाडेकरार आणि पोलीस ठाण्यातला भाडेकरू पडताळणीचा फॉर्म पहिल्या आठवड्यात उरका. लपण्याची सवय असलेली माणसं हेही लांबवतात.

आता वेळ. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात. डिसेंबरात सूर्य सव्वासहाच्या आत बुडतो, त्यामुळे सूर्यास्त बघून आरामात मीटिंगला बसता येतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिका घड्याळ पुढे करते, तीच मीटिंग साडेसहावर येते आणि सप्टेंबरपर्यंत सूर्यास्ताच्या डोक्यावर बसते. नोव्हेंबरात गेलेल्यांना हे कोणी सांगत नाही. मार्चमध्ये त्यांचा एकमेव विसावा हातचा जातो, आणि त्यांना वाटतं आपल्यालाच उदास वाटायला लागलंय. मी या मुलाला समुद्र सकाळी हलवायला सांगितला. सकाळच्या भोंग्याला उठायचं, पाव घ्यायचे, पाण्यावर जाऊन यायचं, मग अंघोळ. रोज नाही, आठवड्यात चारदा. चौथ्या 'च'ला मी जागा ठेवली नाही.

इथे सुशेगाद या शब्दाबद्दल एक तक्रार नोंदवते. आपण मुंबईकरांनी त्याचा अर्थ 'निवांत लोळणं' असा करून टाकलाय. दुपारी दुकान बंद करून झोपणारा गोंयकार पहाटेपासून राबलेला असतो, आणि पोदेराची भट्टी गाव झोपेत असताना पेटते. त्यांचा निवांतपणा वेळेला बांधलेला आहे. आपला मुलगा फक्त निवांतपणा घेऊन आला होता, वेळ डोंबिवलीच्या फलाटावर राहिली होती.

पावसाळ्याचं आधी ठरवा. मेअखेरीस पाळोळ्याच्या किनाऱ्यावरच्या झोपड्या उतरवतात, फळ्या रचून ठेवतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, समुद्रात उतरायला मनाई, सीझनमध्ये जमलेले मित्र पांगलेले. भाडं बरंच उतरतं, आणि त्या मोहाने लोक थांबतात. कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, वीज वारंवार जाते आणि बोलायला कोणी नसतं. पाऊस आवडणाऱ्याने जरूर थांबावं, पण ठरवून. या मुलाने जून ते सप्टेंबर डोंबिवली ठरवली. सुरुवातीला त्याला ती हार वाटली. गावाकडची माणसंही पावसाआधी घर शाकारून ठेवतात, त्याला कोणी हार म्हणत नाही, एवढंच मी म्हटलं.

एकटेपणावर त्याने पहिला उपाय बिअरचा काढला होता, गोव्यात ती स्वस्त आणि मीटिंग संपते दहाला. मी बंदी घातली नाही, आठवड्याचा आकडा लिहायला सांगितला. आकडा लिहिला की तो आपोआप लाजतो. त्यापेक्षा उपयोगी पडला चावडीचा बाजार. चावडी म्हणजे काणकोणचं बाजाराचं गाव. आठवड्यात दोनदा एकाच भाजीवालीकडे, एकाच वेळी. महिन्याभरात तिने विचारलं, गेल्या खेपेला आला नाहीस? आपली कोणीतरी वाट पाहतं, हे असं उभं राहतं. पर्यटकांशी ओळखी झटपट होतात आणि सोमवारी त्यांची गाडी सुटते.

एक मात्र वेगळं काढून सांगते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर जागा, शिस्त, समुद्र यांचा हिशेब घालत बसू नका. मनोविकारतज्ज्ञाला भेटा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास चालू असते आणि मराठीतून बोलता येतं.

शेवटची भेट ऑक्टोबरअखेरची, तो पाळोळ्याला परतल्यानंतरची, पुन्हा संध्याकाळी पाचची. मागची भिंत आता धूसर नव्हती, खिडकी उघडी होती. आईला पुढच्या महिन्यात बोलवायचं की नाही यावर आम्ही बोलत होतो, तेवढ्यात भोंगा वाजला.

"एक मिनिट हं मॅडम," म्हणून तो उठला.

कॅमेरा, माइक सगळं चालू. रिकामी खुर्ची, पंख्याचा आवाज, लांबून कोंकणीत काहीतरी घासाघीस. चारेक मिनिटांनी कागदाची पुडी घेऊन तो परत बसला. पोयी, म्हणजे कोंड्याचा चपटा पाव, संपली होती, साध्या गोल उंड्यांवर भागवावं लागलं.