युनिकॉर्नवरचा तो पुरुष कोण?

प्रश्न : जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५१६ सालच्या एका एचिंगमध्ये (आम्लाने धातूच्या प्लेटवर रेघा कोरून काढलेल्या छापात) एक नग्न, दाढीवाला पुरुष युनिकॉर्नवरून, म्हणजे एकशिंगी घोड्यावरून, बाईला पळवून नेतो. एका पुस्तकात त्याखाली ‘प्लूटो आणि प्रोसर्पिना’ असे छापले आहे, दुसऱ्यात नुसते ‘युनिकॉर्नवरून अपहरण’. खरे काय मानायचे?

उत्तर : दुसरे पुस्तक जपून बोलते आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. जुन्या छापांची नावे पुष्कळदा पुढे याद्या करणाऱ्यांनी दिलेली असतात. ड्यूररने या प्लेटवर आपली आद्याक्षरांची मुद्रा आणि साल कोरले. विषय लिहिलेला नाही.

आता रोमन कवी ओविडने सांगितलेली प्लूटो-प्रोसर्पिनाची गोष्ट ताडून पाहा. सिसिलीत एन्नाजवळच्या तळ्याकाठी प्रोसर्पिना फुले वेचत असते आणि पाताळाचा राजा प्लूटो घोड्यांच्या रथातून तिला नेतो. इथे रथ नाही, तळे नाही, फुले नाहीत, पाताळाच्या राजाचा मुकुटही नाही. आणि युनिकॉर्न? तो त्या कथेत कुठेच नाही. पंधराव्या शतकातल्या जर्मन छापांत मात्र अंगभर केस असलेला रानमाणूस युनिकॉर्नवर स्वार झालेला सापडतो. मला ड्यूररचा हा पुरुष त्याच्याच जवळचा वाटतो. त्यात प्लूटोही मिसळला असेल, पण निव्वळ अपहरण दिसले म्हणून प्लूटो म्हणू नये.

हे चित्र लोखंडी प्लेटवरचे आहे. ड्यूररने अशी सहाच एचिंगे केली, १५१५ ते १५१८ या काळात. त्यातली जाड, खरखरीत रेघ जनावराच्या विस्कटलेल्या आयाळीला आणि बाईच्या किंकाळीला किती शोभते! मला हे चित्र फार अस्वस्थ करते. नावाच्या शोधात तिच्या चेहऱ्याकडे दुर्लक्ष करू नका.

ओळख पटवताना आधी खुणा शोधा: सिंहाचे कातडे आणि गदा असेल तर हर्क्युलिस, कपाळावर चंद्रकोर असेल तर डायना. गदा डाव्या हातात दिसली तरी गोंधळू नका, छापात प्लेट उलटी उतरते. खूण नसणे हाही पुरावाच. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६५९ च्या एचिंगमध्ये सॅटिर (अर्धा माणूस, अर्धा बोकड असा वनदेव) झोपलेल्या स्त्रीवरचे वस्त्र उचलतो. शेजारी तिचा मुलगा क्युपिड असता तर ती प्रेमदेवता व्हीनस वाटली असती; तो नाही, म्हणून तिला पुराणकथेतली अँटिओपी, जिला देवराज ज्युपिटरने सॅटिरच्या वेषात गाठले, आणि सॅटिरला वेषांतर केलेला ज्युपिटर म्हणणे पटते.

ड्यूररच्या चित्राखाली मात्र तुमच्या वहीत ‘युनिकॉर्नवरून अपहरण’ लिहा आणि कंसात प्लूटोपुढे प्रश्नचिन्ह ठेवा.