काकरापार आणि आपण: नवापूरच्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुम्ही विचारलंय की 2016 ला गुजरातमधल्या काकरापार अणुवीज केंद्रात गळती झाली तेव्हा आपल्याला कितपत धोका होता, आणि उद्या काही झालंच तर आपल्याला सांगणार कोण. माझी नोकरी दीपनगरच्या औष्णिक केंद्रात गेली, अणुभट्टीत नाही. पण वाफ, पाणी, टर्बाइन दोन्हीकडे सारखंच, म्हणून लिहितो.

11 मार्च 2016 ला तिथल्या 220 मेगावॅटच्या पहिल्या युनिटमध्ये जड पाण्याची (भट्टीतली उष्णता वाहून नेणाऱ्या खास पाण्याची) नळी फुटली. भट्टी आपोआप बंद पडली, आणीबाणीचं पाणी सुरू झालं, बाहेरचा किरणोत्सर्ग मर्यादेतच राहिला. म्हणजे त्या दिवशी नवापूरला धोका नव्हता. नळी झिर्कोनियम-नायोबियम या मिश्रधातूची. तिच्यावर बाहेरच्या अंगाने गंजाचे फोड आले होते, आणि या नळ्या काही वर्षांपूर्वीच नव्याने बसवलेल्या! पुढे सगळ्या 306 बदलाव्या लागल्या. युनिट परत चालू व्हायला 2019 उजाडलं.

आमच्या बॉयलरची आग विझवली की काम संपलं. अणुभट्टीचं तसं नाही. बंद केल्या क्षणी सहा-सात टक्के उष्णता उरते, दुसऱ्या दिवशीही अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ती काढायला पाणी आणि पंपाला वीज लागतेच. जपानच्या फुकुशिमा केंद्रात घात झाला तो इथेच.

तरी मला यंत्रापेक्षा तपासणाऱ्याची काळजी जास्त. आमच्याकडे व्हॉल्व्हला ‘हात लावू नका’ असा लाल टॅग बांधला की तो ज्याच्या नावाचा, त्याच्या सहीशिवाय निघत नसे. कळव्याच्या राज्य भार नियंत्रण केंद्रातून लोड (वीजनिर्मिती) वाढवा म्हणून कितीही फोन येवोत. टॅगवाला आणि लोडवाला एकाच साहेबाच्या हाताखाली असले की ते टिकणं अवघड. अणुभट्ट्या तपासणारं अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 ला स्थापन झालं, पण ते अणुऊर्जा आयोगाच्या हाताखाली, आणि आयोगाचा अध्यक्ष म्हणजे अणुऊर्जा खात्याचाच सचिव. कॅगने (सरकारी कारभार तपासणारे महालेखापरीक्षक) 2012 ला यावर कडक बोट ठेवलं. 2011 चं स्वतंत्र प्राधिकरणाचं विधेयक 2014 ला लोकसभेबरोबर बारगळलं. अणुऊर्जा खाजगी कंपन्यांना खुली करणाऱ्या डिसेंबर 2025 च्या शांती कायद्याने मंडळाला कायद्याचं बळ दिलं, हे चांगलं झालं. आता ते खाजगी कंपन्यांनाही तेवढ्याच ताठ मानेने थांबवतं का, ते बघायचं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. केंद्राभोवती आपत्कालीन नियोजनाचा पट्टा 16 किलोमीटरचा. नवापूर सरळ रेषेत पंचेचाळीसेक किलोमीटर, शिवाय दुसऱ्या राज्यात. तापीचं पाणी आपल्याकडून तिकडे जातं, पण पावसाळी वारा तिकडून आपल्याकडे येतो. म्हणून नंदुरबारच्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दोनच गोष्टी विचारा: व्याऱ्याच्या (काकरापार ज्या तापी जिल्ह्यात येतं त्याच्या) जिल्हाधिकारी कार्यालयातून सूचना आली तर ती नंदुरबारला नेमकी कोणाच्या टेबलावर येते, आणि त्या माणसाने शेवटची रंगीत तालीम कोणत्या तारखेला केली.