गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात कंबर खूप दुखते, कारण काय असेल?

बहुतेक वेळा कारण साधंच असतं. पोट पुढे येतं तसा शरीराचा तोल पुढे सरकतो. तो सावरायला बाई नकळत पाठ मागे झुकवते आणि सगळा ताण कमरेच्या स्नायूंवर येतो. पोटाचे स्नायू ताणून सैल झालेले, त्यामुळे पुढून आधारही कमी. त्यात रिलॅक्सिनसारखी संप्रेरकं ओटीपोटाच्या हाडांचे सांधे बाळंतपणासाठी सैल करतात. म्हणूनच काहींची कंबर पोट दिसायच्या आधीपासूनच दुखते.

दुखणं नेमकं कुठे आहे ते बघा. कमरेखाली, माकडहाडाच्या वर एका बाजूला दुखत असेल आणि कुशीवर वळताना किंवा जिना चढताना कळ येत असेल, तर बहुधा तिथला सांधा दुखतोय. कळ पायात उतरली की सगळे 'सायटिका' म्हणतात, पण खरी नस दबणं त्यामानाने कमीच. आधीपासून कंबरदुखी असेल किंवा दिवसभर उभ्याने काम असेल, तर त्रास वाढतो.

मात्र लघवीला जळजळ, ताप, थंडी असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. ३७ आठवड्यांआधी कळा ठरावीक अंतराने येऊ लागल्या, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, पाय बधिर झाले, तर थेट दवाखाना गाठा, रात्र असली तरी. आणि 'गरोदरपणात असं होतंच' म्हणून घरातली वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. आयब्युप्रोफेन तर नाहीच.