ग्रामपंचायत सदस्यांना प्रशिक्षण दिल्याने गावाचा विकास आराखडा खरंच सुधारतो का?

पाच वर्षं सदस्य होते, दोन प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं अजून कपाटात आहेत, म्हणून लिहिते. पडद्यावर चित्रं दाखवून दिलेल्या प्रशिक्षणाने काहीही सुधारत नाही.

तालुक्याला दोन दिवस बसवलं. पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३वी घटनादुरुस्ती, पंचायतींकडे सोपवायचे अकराव्या अनुसूचीतले २९ विषय, जेवण, सही, फोटो. आमच्याच गावचा आराखडा मात्र कुणी उघडून दाखवला नाही. तो मी नंतर भाच्याच्या मोबाईलवर पाहिला. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर तो कुणालाही दिसतो, हेही त्यानेच सांगितलं. आठव्या ओळीत लिहिलेलं, 'कोळीवाडा येथे बंदिस्त गटार'. आमच्या गावात कोळीवाडाच नाही! ग्रामसेवकांकडे तीन गावं, एकाची यादी दुसऱ्याला चिकटवलेली. मग मी ओळ न् ओळ वाचली. शाळेमागच्या गल्लीत शेवटच्या अकरा घरांना नळाचं पाणी पोचत नव्हतं, महिला सभेत दोनदा सांगून झालेलं. ते कुठेच नव्हतं.

मासिक सभेत विचारलं, यंदा निधीतला बंधित किती आणि अबंधित किती? उत्तर आलं, "ताई, ते तांत्रिक असतं, तुम्हाला नाही कळायचं." तर ते तांत्रिक एवढंच: पंधराव्या वित्त आयोगाचे ६० टक्के पैसे पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचे होते, ते बंधित; ४० टक्के इतर कामांना, ते अबंधित. म्हणजे अकरा घरांची पाइपलाइन बंधितमध्ये सहज बसत होती. देवळापुढचे पेव्हर ब्लॉक बसत नव्हते, आणि खरी अडचण तीच होती.

ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते, लागतात. तेवढे जमले नाहीत, सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे एरवी तिथे पाच माणसं येऊन सह्या करून जातात. मी त्या अकरा घरांतल्या अकरा बायका घेऊन गेले. पाइपलाइन आराखड्यात आली. अंदाजपत्रकासाठी अभियंता माप घ्यायला आला चार महिन्यांनी. क्षमता कमी पडते ती इथे. आमच्या डोक्यात नाही.

म्हणून प्रशिक्षण द्यायचंच असेल तर गावातच द्या, मागच्या वर्षीचा आराखडा प्रत्येकाच्या हातात ठेवून. केरळात १९९६ला लोकयोजना सुरू झाली तेव्हा राज्याच्या योजना निधीतला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना देऊ केला आणि त्याच्या जोडीनेच शिकवलं. खर्चायला काही नसताना नियोजन शिकून करायचं काय?

ग्रामसेवक वाईट नव्हते, हेही सांगते. तीन गावांचे दाखले, वसुली, बैठका एकट्याने उरकताना यादी चिकटवणारच माणूस. पण "नाही कळायचं" म्हणायची गरज नव्हती. आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय. कोळीवाड्याचं गटार पुढच्या वर्षीच्या आराखड्यातही होतं.