आम्ही परभणीचे. माझ्याकडे १८-५५ आणि ५५-२५० मिमीच्या लेन्स आहेत. फुलांवरच्या किड्यांचे जवळून फोटो काढायला कोणती लेन्स घ्यावी? किडा हलू नये म्हणून तो फ्रिजमध्ये ठेवतात, तसं करावं का?

फ्रिजचं आधी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नातलं तेच वाक्य मला झोंबलं. ठेवू नका. "सगळेच ठेवतात, बघणाऱ्याला काय कळतंय" हे मला तोंडावर ऐकवलेलं आहे आणि ते साफ चूक आहे. बघणाऱ्याला कळतं. गार करून फुलावर ठेवलेल्या फुलपाखराचे पाय पाकळीला धरत नाहीत, ते अंगाखाली मुडपलेले असतात. सोंड गुंडाळलेली असते, म्हणजे ते मध पीत नाही. मधमाशीच्या मिशा पुढे न येता खाली लोंबतात. फ्रिजमधून काढल्याबरोबर अंगावर हवेतलं पाणी धरतं, ते दव म्हणून दाखवलं जातं. पण खरं दव पडतं तेव्हा पाकळी, देठ, शेजारचं गवत, सगळंच भिजतं. किडा ओला आणि झेंडू कोरडा, असं दव नसतं.

शिवाय गरजच काय? तुम्ही परभणीचे. डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो. अंगात ऊब आल्याशिवाय किड्याला उडताच येत नाही. ऊन झाडावर यायच्या आधी बागेत जा, सगळं जागच्या जागी बसलेलं सापडतं.

थंडी नसली तरी स्थिर किडा मिळतो. निळ्या पट्ट्यांची मधमाशी घ्या. सव्वा सेंटिमीटरच्या आतबाहेरची, पोटावर निळसर चमकत्या पट्ट्या. तुळशीवर आणि वांग्याच्या फुलावर हमखास येते. मादी मातीत बीळ करते. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांच्या मातीच्या भिंतींत अशी बिळं भरपूर. नराला घर नसतं. तो दिवस मावळताना एखाद्या वाळक्या काडीला जबड्याने घट्ट चावा घेतो आणि पाय आखडून रात्रभर तसाच झोपतो. पुष्कळदा पाच-दहा नर एकाच काडीवर ओळीने असतात आणि दुसऱ्या दिवशी बहुधा त्याच काडीवर परततात. म्हणून आज फक्त काडी हेरायची, फोटो उद्या पहाटे. दसरा-दिवाळीच्या सुमारास तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या आणि बांधावरचं गवत बघा. मंजिऱ्या खुडून टाकल्या तर ही जागाच जाते, तेव्हा दोन-चार राहू द्या.

पहाटे जाताना एक तुराटी (तुरीची वाळकी काठी) आणि कपडे वाळत घालायचा चिमटा न्या. तुराटी जमिनीत रोवायची, तिला चिमटा बांधायचा आणि माशीच्या वीतभर खाली काडी त्यात हलकेच पकडायची. काडी तोडायची नाही. हा चिमटा नसेल तर वाऱ्याच्या साध्या झुळकीनेही माशी फोकसच्या बाहेर जाते, कारण एकास एक मोठेपणाला (किडा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या पट्टीवर, आहे तेवढाच पडतो तेव्हा) लेन्सचं भोक एफ ११ इतकं लहान ठेवूनही जेमतेम एक मिलिमीटरच्या आत सगळं नीट दिसतं. तेवढ्यात डोळा बसवायचा. पहिले फोटो बाजूने घ्या, सेन्सर माशीच्या अंगाला समांतर ठेवून, म्हणजे डोळा, पंखाचं मूळ आणि पट्ट्या एका पातळीत येतात. समोरून घेतलेला चेहरा छान दिसतो, पण त्यात मिशा तरी जातात नाहीतर डोळे.

ऊन काडीवर आलं की आधी मिशा हलतात. मग मागचे पाय ताणले जातात, पुढच्या पायांनी डोळे पुसले जातात, आणि छाती थरथरायला लागते. पंख मिटलेले असतानाच ती उडायचे स्नायू हलवून अंग तापवते. ही थरथर दिसली की हातात थोडाच वेळ उरतो. डोळे पुसतानाची फ्रेम मात्र सोडू नका, फ्रिजवाल्याला ती कधीच मिळत नाही.

आता लेन्स. तुमच्याकडे १८-५५ आणि ५५-२५० आहेत म्हणता, मग लगेच मॅक्रो लेन्स (जवळचं मोठं टिपणारी खास लेन्स) घेऊ नका. ५५-२५० च्या पुढे रेनॉक्स डीसीआर-२५० ही क्लोजअप भिंग लावा. ती आठ डायॉप्टरची (भिंगाची ताकद मोजायचं माप) आहे, म्हणजे तिची फोकल लेंग्थ १२५ मिमी. लेन्स अनंतावर फोकस करून १२५ ला ठेवली की एकास एक, २५० ला दुप्पट. भिंगापासून किडा साधारण ११ सेंमीवर राहतो आणि झूम फिरवला तरी हे अंतर बदलत नाही. एकास एकला तुमच्या सेन्सरवर २२-२३ मिमी रुंदीचा तुकडा मावतो, म्हणजे ही माशी अर्धी फ्रेम भरते. फुलपाखराला एवढं लागत नाही. त्याला नुसती ५५-२५० पुरते.

एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायचं पोकळ कडं) १८-५५ ला लावणार असाल तर ५५ च्याच टोकाला वापरा. १८ ला फोकस काचेला टेकतो किंवा आतच पडतो. ट्यूब विजेच्या पिनांची घ्या. बिनपिनांच्या कड्यांत कॅमेऱ्याला ॲपर्चर बदलता येत नाही आणि सगळे फोटो पूर्ण उघड्या भोकावर निघतात. ट्यूबने प्रकाशही घटतो, एकास एकला दोन स्टॉप, म्हणजे चौथा हिस्साच उरतो.

ऑटोफोकस बंद करा. मोठेपणा आधी ठरवा, मग श्वास रोखून अख्खं अंग पुढे-मागे झुलवत डोळा चमकला की बटण दाबा. वीस फ्रेममध्ये दोन बऱ्या आल्या तर तो चांगला हिशेब आहे.

खरा पैसा फ्लॅशवर आणि मेहनत डिफ्यूजरवर (फ्लॅशचा उजेड पसरवणारा पांढरा पडदा) घाला. कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/२०० सेकंद, एफ ११, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/१६. एवढ्या कमी ताकदीला फ्लॅशची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात संपते, हाताची थरथर आणि किड्याची हालचाल तिथेच गोठते. शटरने ते काम होत नाही. पण उघडा फ्लॅश मारला तर ढालकिड्याच्या पाठीवर पांढरा जळका ठिपका पडतो, आणि तो नंतर काढता येत नाही. नव्या टीव्हीच्या खोक्यात जो पातळ पांढरा फोम येतो, त्याचे दोन थर, मध्ये तीन-चार सेंटिमीटर पोकळी ठेवून, किड्याच्या वर कमानीसारखे आणा. डिफ्यूजर किड्याच्या जितका जवळ, तितका त्याला मोठा दिसतो आणि प्रकाश तितका मऊ. वीतभर फोम किड्यापासून दहा सेंटिमीटरवर असला पाहिजे. फ्लॅशच्या तोंडावर बसवायची ती छोटी प्लास्टिकची टोपी या कामाला निरुपयोगी आहे.

मागचं सगळं काळं येत असेल तर फ्लॅश लांब पोहोचत नाही म्हणून. फ्लॅशपासून दहा सेंटिमीटरवरच्या फुलाला जेवढा उजेड, त्याच्या शंभरावा भाग मीटरभर लांबच्या पानाला मिळतो. किड्यामागे अर्ध्या वितीवर एखादं हिरवं पान येईल असा कोन धरा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुरीच्या किंवा करडईच्या वावरात जाण्याआधी फवारणी कधी झाली ते मालकाला विचारा. फवारलेल्या फुलांत तोंड घालून आडवं पडायचं नाही, आणि तिथली सुस्त माशी थंडीने नव्हे, औषधाने सुस्त असते. संध्याकाळी गवतात गुडघा टेकण्याआधी बॅटरी मारा, घोणस असते. आग्या मोहोळाजवळ फ्लॅश चुकूनही नको. आणि अभ्यासक मोजमापासाठी किडे थोडा वेळ गार करतात, ते वेगळं काम आहे. ते त्याला फुलावर बसवून "बागेत टिपला" असं लिहीत नाहीत.

कुणी तसा फोटो दाखवून तुम्हाला फ्रिजची वाट दाखवली, तर त्याच्याकडे एवढंच मागा: या फ्रेमच्या आधीच्या पाच आणि नंतरच्या पाच. जिवंत किड्यामागे बसलेल्याकडे हललेल्या, अर्ध्या उडालेल्या, नुसती रिकामी काडी राहिलेल्या फ्रेमा असतातच.